कित्ता गिरवणाऱ्यांच्या बाजूनं

ऑक्टोबर 2018 मध्ये ग्रेटा व्हॅन फ्लीट या अमेरिकी बँडचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम आला आणि ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळानं त्याला 10 पैकी 1.6 गुण दिले. चार महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 2019 मध्ये, याच चार मुलांच्या हातात सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी होतं. ग्रॅमी मिळालं ते आधीच्या, 2017 सालच्या ‘फ्रॉम द फायर्स’ या छोट्या संग्रहाला, पण गळा तोच, गिटार तीच आणि वादही तोच होता. ही मुलं सत्तरच्या दशकात गाजलेल्या लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडची हुबेहूब नक्कल करतात, असं काही जण संतापून म्हणत होते. खरा रॉक अखेर परत आला, असं काही जण डोळ्यांत पाणी आणून म्हणत होते.

नक्कल आहे, हे मी नाकारत नाही. त्यांचं ‘हायवे ट्यून’ हे गाणं सुरू होताच झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज याची आठवण न येणं कठीण आहे, आणि त्यांचा गायक जॉश किस्का वरच्या पट्टीत किंचाळतो तेव्हा झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांटच डोळ्यांसमोर उभा राहतो. माझा आक्षेप आहे तो या साम्यावरून थेट निकाल देऊन टाकण्याला. त्याहून मोठा आक्षेप आहे तो शिकाऊ वयातल्या चार मुलांना ‘रॉकचे तारणहार’ म्हणून मोठ्या मंचावर उभं करणाऱ्या व्यवसायाला. टीकेचे घाव मुलांनी सोसले. ज्यांनी हा सौदा जुळवला त्यांना कुणी जाब विचारला नाही.

ही मुलं कुठून आली ते आधी पाहू. जॉश आणि जेक हे जुळे भाऊ, त्यांचा धाकटा भाऊ सॅम आणि ड्रम वाजवणारा मित्र डॅनी वॅग्नर. गाव मिशिगन राज्यातलं फ्रँकनमुथ, वस्ती जेमतेम 5,000. बव्हेरियातून आलेल्या जर्मन लोकांनी 1845 साली ते वसवलं, आणि आज बव्हेरियन धाटणीच्या इमारती पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर ते चालतं. म्हणजे जुनं पुन्हा उभारून त्यावर पोट भरण्याची रीत या मुलांनी लहानपणापासून आजूबाजूला पाहिलेली. घरात वडिलांच्या ब्लूजच्या, म्हणजे रॉकचं मूळ असलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, तबकड्या होत्या. 2012 मध्ये बँड जमला तेव्हा जुळे भाऊ 16 वर्षांचे होते आणि सॅम 13 वर्षांचा. या वयात गिटार हाती घेणारं पोर काय वाजवणार? जे कानावरून गेलंय तेच. त्याला दुसरं काही येतच नसतं, आणि येण्याचा दुसरा मार्गही नसतो. बोटं आधी दुसऱ्याच्या वाटेनं चालतात. आपली वाट सापडलीच तर पुढे, खूप पुढे सापडते.

रॉकच्या इतिहासात ज्यांना आपण स्वयंभू समजतो त्यांच्या सुरुवाती पाहा. बॉब डिलनच्या 1962 सालच्या पहिल्या अल्बमवर 13 गाणी आहेत, त्यातली त्याची स्वतःची फक्त 2. बीटल्सच्या 1963 सालच्या पहिल्या अल्बमवर 14 पैकी 6 गाणी इतरांची आहेत, आणि त्याआधी हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये तासन् तास ते वाजवत होते ती बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी. रोलिंग स्टोन्सनी तर नावसुद्धा ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. ज्या प्लांटची नक्कल केल्याबद्दल जॉशला फटके बसले तो प्लांट आणि ड्रमर जॉन बॉनम, दोघंही झेपेलिनच्या आधी ‘बँड ऑफ जॉय’ नावाच्या बँडमध्ये अमेरिकी गाणी वाजवत इंग्लंडभर हिंडत होते. झेपेलिन जमला तेव्हा दोघंही 20 वर्षांचे होते.

फरक आहे तो इथं. प्लांट-बॉनमची ती कित्ता गिरवण्याची वर्षं जवळजवळ कुणाच्या लक्षात आली नाहीत. थोडी ध्वनिमुद्रणं झाली, ती बहुतेक पेटीतच राहिली. त्या काळात त्यांना गुण द्यायला कुणी बसलं नव्हतं आणि पुरस्कार घेऊनही कुणी दारात उभं नव्हतं. चुकीचं वाजवण्याची, दुसऱ्याच्या गळ्यानं गाऊन पाहण्याची आणि ते अपुरं आहे हे स्वतःच्याच कानांनी ओळखण्याची सवड त्यांना मिळाली. ग्रेटा व्हॅन फ्लीटच्या बाबतीत नेमका हाच काळ रेकॉर्ड कंपनीनं उचलला, झळाळी दिली आणि जगभर विकला. डॅनी वॅग्नर ग्रॅमीच्या वेळी 20 वर्षांचा होता. त्याचा अभ्यास चालू होता, आणि तो अभ्यासच त्याची कमाई म्हणून लोकांपुढे मांडला गेला.

आता नकलेच्या आरोपाकडे वळू, कारण तो ज्यांच्या नावानं केला जातो त्यांचा स्वतःचा हिशेब फार वेगळा आहे. लेड झेपेलिनवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच हे स्पष्ट बोलायला हवं. 1969 सालच्या ‘होल लॉटा लव्ह’वर लेखक म्हणून बँडच्या चौघांची नावं होती. गाण्यातले शब्द मात्र ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’मधून आले होते. ते गाणं मडी वॉटर्सनं 1962 साली गायलं होतं. मधल्या काळात, 1966 मध्ये, स्मॉल फेसेस या इंग्लिश बँडनं त्याच गाण्यावरून आपलं एक गाणं केलं, आणि त्यात स्टीव्ह मॅरियटनं लावलेला आवाज ऐकला की प्लांटची ती प्रसिद्ध ढब कुठून आली हे शोधायची गरजच उरत नाही. डिक्सननं 1985 साली, वयाच्या सत्तरीत, दावा दाखल केला. 1987 मध्ये तडजोड झाली आणि त्याचं नाव गाण्यावर आलं. ‘बेब आय’म गोना लीव्ह यू’ ही ॲन ब्रेडनची रचना पारंपरिक म्हणून छापली गेली होती. तिला तिचं श्रेय 1990 साली मिळालं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’वर पेजचं एकट्याचं नाव होतं, आणि जेक होम्स नावाच्या गायकानं त्याच नावाचं गाणं 1967 मध्ये रेकॉर्ड केलेलं होतं. त्याचा उल्लेख यायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

ही यादी पूर्ण नाही. पण तिच्यातून एक गोष्ट उघड होते. झेपेलिननं ज्यांच्याकडून घेतलं त्यांतले अनेक जण गरीब होते, कृष्णवर्णीय होते, शिकागोच्या एखाद्या कंपनीसाठी थोडक्या पैशांत गाणी लिहीत होते. श्रेय न देणं म्हणजे त्यांच्या मानधनावर हात टाकणं होतं. ग्रेटा व्हॅन फ्लीटनं ज्यांच्याकडून घेतलं ते रॉकमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी आहेत. या मुलांनी घेतली ती शैली: गळ्याची फेक, गिटारचा पोत, ड्रमचा घुमारा. यात कुणाच्या घरातला दिवा विझत नाही. उलट झेपेलिनचे जुने अल्बम पुन्हा ऐकले जातात. ज्यांनी दुबळ्यांकडून न सांगता घेतलं त्यांना आपण दैवत मानायचं आणि ज्यांनी बलवानांकडून उघडपणे घेतलं त्यांना चोर म्हणायचं, हा न्याय मला पटत नाही.

उघडपणे हा शब्द जाणीवपूर्वक वापरलाय. ‘फ्रॉम द फायर्स’वरच्या 8 गाण्यांत 2 गाणी इतरांची आहेत आणि ती त्यांच्या कर्त्यांच्या नावानंच दिली आहेत: सॅम कुकचं ‘अ चेंज इज गोना कम’ आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचं ‘मीट ऑन द लेज’. एक अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याशी जोडलेलं, दुसरं इंग्लिश लोकसंगीताकडे झुकणाऱ्या बँडचं. आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत हे सांगायची या मुलांना लाज वाटत नव्हती. तरुण कलाकाराकडून पहिली अपेक्षा मी हीच ठेवेन.

शैली कुणाच्या मालकीची असू शकते का, हा प्रश्न अमेरिकेच्या न्यायालयांतही वेगळ्या वेशात येऊन गेला. ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात स्पिरिट या बँडच्या ‘टॉरस’वरून उचलली, असा दावा होता. 2016 मध्ये ज्यूरीनं झेपेलिनच्या बाजूनं कौल दिला, मधे तो रद्द झाला, आणि मार्च 2020 मध्ये अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठानं तो पुन्हा कायम केला. सगळ्यांच्या वापरात असलेल्या संगीताच्या साध्या विटांवर एकाची मालकी सांगता येत नाही, हे तत्त्व त्यात महत्त्वाचं होतं. ज्या तत्त्वानं झेपेलिनला वाचवलं ते तत्त्व त्यांच्या चाहत्यांनी पुढच्या पिढीलाही लागू करायला काय हरकत आहे?

एक आक्षेप मात्र भक्कम आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. झेपेलिननं उचललं, पण उचललेल्यात भर घातली. या मुलांनी काय भर घातली? हा प्रश्न रास्त आहे. भर घालणं म्हणजे काय, ते एका गाण्यावरून नीट दिसतं.

1927 साली मिसिसिपी नदीला महापूर आला. लाखो माणसं बेघर झाली. बंधारे वाचवण्यासाठी कृष्णवर्णीय मजुरांना जबरदस्तीनं जुंपलं गेलं. 1929 मध्ये कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्यानं त्या पुरावर एक गाणं रेकॉर्ड केलं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. दोन गिटार आणि एक आवाज. बंधारा फुटला की आपल्याला राहायला जागा उरणार नाही, हे ते अगदी साध्या सुरात सांगतं. 1971 साली झेपेलिननं ते घेतलं, आणि या खेपेला लेखकांमध्ये मेम्फिस मिनीचं नाव छापलं. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात ध्वनिमुद्रण चाललं होतं. बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी ठेवले गेले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं दोन मायक्रोफोन वरच्या मजल्याच्या बाजूनं टांगले. ड्रमच्या अगदी जवळ मायक्रोफोन ठेवण्याची जी पद्धत होती ती त्यानं बाजूला सारली. त्यामुळे ड्रमवर पडलेला प्रत्येक घाव आधी त्या दगडी घरात फिरून येतो आणि मग आपल्यापर्यंत पोचतो. मिनीच्या गाण्यात पुराची बातमी होती. झेपेलिनच्या गाण्यात पूर स्वतः आला, सात मिनिटं हळूहळू चढत गेला. शब्द तिचे राहिले. भर पडली ती जागेची, त्या जिन्याच्या उंचीची. पुढे 1986 मध्ये बीस्टी बॉइज या रॅप गटानं तेच ड्रम उचलून आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात केली आणि त्यांतून आणखी वेगळं काही उभं केलं. 1929, 1971, 1986: एकच प्रवाह, आणि दर मुक्कामाला कुणीतरी आपलं पाणी त्यात सोडलेलं.

या कसोटीवर ग्रेटा व्हॅन फ्लीटच्या सुरुवातीच्या गाण्यांना मी कमी गुण देईन, आणि कारण झेपेलिनशी असलेलं साम्य हे नाही. कारण हे की मला त्यांच्यात मिशिगन ऐकू येत नाही. त्यांच्या गावापासून फ्लिंट शहर गाडीनं अर्ध्या तासावर आहे. एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवण्यासाठी त्या शहराचं पाणी फ्लिंट नदीवरून घ्यायला सुरुवात झाली, पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया केली गेली नाही, जुन्या नळांतलं शिसं घराघरांत उतरलं आणि सुमारे 1 लाख वस्तीचं शहर विषारी पाणी पीत राहिलं. त्याच्या आदल्या वर्षी, 2013 मध्ये, डेट्रॉइटनं दिवाळखोरी जाहीर केली होती. ही मुलं तेव्हा शाळेत जात होती, संध्याकाळी एकत्र वाजवत होती. पूर त्यांच्याही उंबऱ्याजवळ आला होता. गाण्यांत मात्र डोंगर, प्राचीन भूमी, शांततेची सेना, ज्ञानाच्या शोधात निघालेले यात्रेकरू येतात. झेपेलिनच्या गाण्यांतही व्हायकिंग आणि दंतकथा होत्या, हे कुणी म्हणेल. होत्या; पण त्या इंग्लंडमधल्या मुलांच्या वाचनातून आल्या होत्या, वेल्सच्या डोंगरातल्या ज्या झोपडीवजा घरात पेज आणि प्लांट 1970 मध्ये जाऊन राहिले त्या डोंगरातून आल्या होत्या. मिशिगनच्या मुलांकडे ते डोंगर गाण्यांतून आले. हे उसन्याचं उसनं झालं.

त्याच राज्यातलं दुसरं उदाहरण म्हणून तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेट्रॉइटच्या व्हाइट स्ट्राइप्स या बँडनं आपल्या 1999 सालच्या पहिल्या अल्बमवर जुना ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं गाणं घेतलं, पुढच्याच वर्षी तसाच जुना गायक सन हाउसचं. बँडचा गायक-गिटारवादक जॅक व्हाइटनं ब्लूजकडून घेतलं ते काही कमी नव्हतं. पण त्यानं स्वतःला बांधून घेतलं. बेस गिटार नाही. माणसं दोनच. कपड्यांचे रंग तीनच. गिटार आणि मेग व्हाइटचे अगदी साधे, जवळजवळ लहान मुलानं वाजवावेत तसे ड्रम. एवढ्यातच जे होईल ते करायचं. जुनं संगीत अशा अरुंद जागेतून जाताना आपोआप वाकलं, त्याचा आकार बदलला. 2003 सालच्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ची ओळ आज फुटबॉलच्या मैदानांवर हजारो माणसं गातात, आणि त्यांतल्या अनेकांना बँडचं नावही ठाऊक नसतं. ग्रेटा व्हॅन फ्लीटनं उलट केलं: झेपेलिनच्या वाड्यात जेवढ्या खोल्या होत्या तेवढ्या सगळ्या आपल्या करून पाहिल्या. सगळं मिळाल्यावर काही शोधायची निकड राहत नाही.

मग या मुलांची बाजू मी का घेतो? कारण कमतरता ओळखणं आणि दार बंद करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टोरांटोच्या रश या बँडचा पहिला अल्बम 1974 मध्ये आला. क्लीव्हलँडच्या एका रेडिओ केंद्रानं त्यातलं ‘वर्किंग मॅन’ लावलं तेव्हा श्रोत्यांचे फोन आले, लेड झेपेलिनचा हा नवा अल्बम कधी येतोय म्हणून. रशचा गायक गेडी लीचा गळा इतका प्लांटच्या वळणाचा वाटत होता. त्याच वर्षी नील पिअर्ट ड्रमर म्हणून आला आणि गाण्यांचे शब्दही लिहू लागला. 1975 मधला तिसरा अल्बम विकला गेला नाही, कंपनीला छोटी, रेडिओवर चालतील अशी गाणी हवी होती. रशनं 1976 मध्ये ‘2112’ दिला, ज्याची एक अख्खी बाजू वीस मिनिटांच्या एकाच रचनेनं व्यापलीय. त्यानंतर कुणी त्यांना झेपेलिन समजलं नाही. इथवर यायला चार अल्बम लागले, आणि तिसऱ्याच्या अपयशानंतरही चौथा करायला मिळाला हे सगळ्यात मोलाचं. 1974 च्या त्या पहिल्या अल्बमवरून कुणी 1.6 चा शिक्का मारून विषय मिटवला असता तर ऐकणाऱ्यांचंच नुकसान होतं.

आजच्या तरुण बँडला तेवढा वेळ मिळणं का अवघड झालंय, याचं मूळ संगीताच्या अर्थकारणात आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत ‘क्लासिक रॉक’ हा रेडिओचा साचा आकाराला आला. तो घडवणाऱ्यांत डेट्रॉइटचे सल्लागार फ्रेड जेकब्ज प्रमुख होते. साचा सोपा होता: लोकांना आधीच आवडलेलीच गाणी लावायची. जाहिरातदारांना ते सोयीचं होतं. परिणाम असा झाला की पुढच्या पिढ्या साठ-सत्तरच्या दशकातलं रॉक आजच्यासारखं रोज ऐकत वाढल्या. ही मुलं ज्या हवेत वाढली ती ही हवा. मग स्ट्रीमिंग आलं आणि जुन्याचं पारडं आणखी जड झालं. 2021 मध्ये अमेरिकेत ऐकल्या-विकल्या गेलेल्या संगीतापैकी सुमारे 70 टक्के संगीत ‘कॅटलॉग’ होतं, म्हणजे दीड वर्षाहून जुनं. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं आपल्या संगीताचे हक्क सोनीला सुमारे 50 कोटी डॉलरना विकल्याच्या बातम्या आल्या. 2024 मध्ये पिंक फ्लॉइड या जुन्या इंग्लिश बँडचे हक्क सुमारे 40 कोटी डॉलरना सोनीकडेच गेले. जुन्या गाण्यांत एवढा पैसा गुंतवलेल्या कंपन्यांना नवा बँड हवा असतो तो जुन्याच्या शेजारी शोभेल असा. ग्रेटा व्हॅन फ्लीट तिथं चपखल बसला. 2018 मध्ये मिशिगनमधला एखादा दुसरा बँड, ज्याचा आवाज कशासारखाच नव्हता, त्याच्याकडे कुणी पाहिलं असेल का?

आणि तुलना तरी कुणाशी होते? 1969 मध्ये तरुण बँडची स्पर्धा त्याच वर्षीच्या दुसऱ्या तरुण बँडशी होती. विली डिक्सनच्या गाण्याची मूळ तबकडी बहुतेक इंग्लिश मुलांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती. आज बँडची स्पर्धा 1971 च्या मूळ मुद्रणाशी असते, तेही नव्यानं साफसूफ करून एका बोटाच्या अंतरावर ठेवलेलं. झेपेलिनला श्रोत्यांच्या अज्ञानानं सांभाळून घेतलं. आजच्या मुलांचं प्रत्येक उसनं दहा सेकंदांत पकडलं जातं. श्रोत्यांना मुळं शोधता येतात ही चांगलीच गोष्ट आहे, मेम्फिस मिनीसाठी तर फारच चांगली. पण तो उजेड केवळ नव्यांवर पडावा आणि जुन्यांना त्यातून सूट मिळावी, हे मला मान्य नाही.

कौतुक करणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. टीकेनं या मुलांचं जेवढं नुकसान केलं त्याहून जास्त ‘रॉक परत आला’ या जयघोषानं केलं, असं माझं मत आहे. साठीतल्या माणसाला आपलं तारुण्य परत हवं असतं, हे मी समजू शकतो. पण ते 20 वर्षांच्या पोरांकडून मागणं अन्याय आहे. त्यांनी थोडं वेगळं वळण घेतलं की हेच चाहते नाराज होतात. ज्या माणसाच्या गळ्याची एवढी आठवण काढली जाते त्या प्लांटनं स्वतः काय केलं? 10 डिसेंबर 2007 रोजी लंडनमध्ये झेपेलिनचा पुनर्मीलनाचा कार्यक्रम झाला, तिकिटांसाठी जगभरातून लाखोंच्या संख्येनं नावनोंदणी झाली. त्यानंतर दौरा काढला असता तर पैशांचा पाऊस पडला असता. प्लांटनं नकार दिला. तो अमेरिकी गायिका ॲलिसन क्राउससोबत लोकसंगीत आणि जुन्या कंट्री गाण्यांकडे आधीच वळला होता, आणि त्या दोघांच्या ‘रेझिंग सँड’ला फेब्रुवारी 2009 मध्ये वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. झेपेलिनची सर्वांत ओळखीची छबी ज्याच्या मालकीची होती त्यानंच ती मागे ठेवली. ग्रेटा व्हॅन फ्लीटविषयी तोच प्लांट हसत म्हणाला होता की ही मुलं म्हणजे लेड झेपेलिनचा पहिला अल्बम. मला त्यात चेष्टेबरोबर एक सूचना ऐकू येते: हा पहिला आहे, पुढचे करायचे आहेत.

पुढचे झालेही. 2021 चा ‘द बॅटल ॲट गार्डन्स गेट’ त्यांनी ग्रेग कर्स्टिनबरोबर केला, जो मुख्यतः पॉप संगीतातला निर्माता. त्यातलं शेवटचं गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे आणि त्यात जेकची गिटार पहिल्यांदा घाई सोडून बोलते. वाद्यवृंदाचे थर कधी जास्त होतात, शब्द अजून धूसरच आहेत, पण आता आठवण येते ती झेपेलिनहून रशची. 2023 चा ‘स्टारकॅचर’ निर्माता डेव्ह कॉबबरोबर केलेला. तो मला अधिक मोकळा, एका खोलीत एकत्र वाजवल्यासारखा वाटतो. सॅमचा ऑर्गन आणि वॅग्नरचे ड्रम एकमेकांना उत्तर देतात तेव्हा ते कुणाची तरी आठवण काढत नसतात. ही सुटका पूर्ण झालेली नाही. तिची दिशा मात्र दिसते, आणि ती दिसायला पाच वर्षं लागली.

पहिल्या अल्बमवर तुटून पडलेल्यांनी हे दोन तेवढ्याच बारकाईनं ऐकले असते तर वादाला काही अर्थ आला असता. पुरस्कार देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की पहिल्या अनुकरणाला मुकुट चढवू नका. तो पैसा आणि तो मंच तिसऱ्या-चौथ्या अल्बमपर्यंत टिकलेल्यांना द्या. रेडिओ चालवणाऱ्यांनी 1971 च्या गाण्यानंतर झेपेलिनसारखा वाटणारा नवा बँड लावण्याऐवजी मेम्फिस मिनी लावावी, आणि तिच्यानंतर कशासारखाच न वाटणारा एखादा बँड. आणि ग्रेटा व्हॅन फ्लीटकडून मला हवंय ते एक गाणं, ज्यात फ्लिंटचं पाणी असेल. गळा प्लांटसारखा लागला तरी माझी काही तक्रार नाही.